पायातलं काढा, पावणं

जा. क्र. १४२
नेसरी, ११ नोव्हेंबर २०२४

अमरसिंह,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

हे पत्र संस्थेच्या लेटरहेडवर आहे आणि त्याला जावक क्रमांक मुद्दाम टाकलाय. उद्या ‘मिळालंच नाही’ म्हणायला तुला जागा नको. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. हातात माईक आल्यापासून तू समोरच्याला बोलू देत नाहीस. परवा मी बोलत असताना फोन ठेवलास, आणि वर माझा नंबर ब्लॉक केलास. ब्लॉक म्हणजे काय हे मला माझ्या पोराला, विश्वजितला, विचारावं लागलं. त्याच्यासमोर माझी काय शोभा झाली असेल!

तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मी संस्थेचा सचिव, मी शब्द टाकला म्हणून तुला मराठीचा शिक्षक म्हणून घेतलं. सोळा वर्षं झाली. कायम नोकरी, गावात मान, रस्त्यानं जाताना ‘सर नमस्कार’. आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्या टेबलावर तू राजीनामा ठेवलास तो कशासाठी? तर कुस्तीच्या मैदानात बोंबलायला. ‘कुस्ती निवेदक’ म्हणे! लोक विचारतात, सचिवांचा मेव्हणा हल्ली काय करतो? काय सांगू? जत्रेजत्रेतनं ओरडत फिरतो म्हणून सांगू? इकडं आठवीची पोरं मराठीच्या तासाला पटांगणात हुंदडतायत. तुझी जागा भरायला परवानगी कधी मिळेल ते वरच्यालाच ठाऊक.

कसबा बावड्यात घर घेतलंस, वास्तुशांतीची पत्रिका आली. तिच्यावर माझं नाव मला न विचारता ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून छापलंस. मी येणार नाही. तुझी आक्काही येणार नाही. मास्तरकीला लाथ मारून ज्या घरात तू गेलास, त्या घराला आमचे पाय लागणार नाहीत.

बाळासो नांदवडेकर
सचिव


कसबा बावडा, २३ नोव्हेंबर २०२४

ती. दाजी,

तुमचा जा. क्र. १४२ पोचला. माझ्या घरी आवकचा शिक्का नाही, तेवढं सांभाळून घ्या. साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण तुमचा आशीर्वाद जितक्या मनापासून आलाय तितक्याच मनापासून माझा नमस्कार जाईल, म्हणून राहू दे.

नोकरी तुम्ही लावली हे खरं. ते तुम्ही मला गेली सोळा वर्षं दर दिवाळीला, दर लग्नात, माझ्या पोरीच्या बारशातसुद्धा सांगितलंय. आता मी काय सांगतो ते ऐका. मी मराठी शिकवायला आलो होतो. खिचडीची हजेरी लिहिली, माहिती ऑनलाइन भरली, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरलो, तुमच्या वाढदिवसाला मानपत्र लिहिलं. मराठीचा तास उरला तर घ्यायचा. घेतला तरी चाळीस पोरांतली चार ऐकायची. आणि पेठ वडगावच्या मैदानात निवेदक आजारी पडला म्हणून मी पहिल्यांदा माईक धरला, तेव्हा एवढं मोठं मैदान गप्प झालं. एका म्हाताऱ्या वस्तादांनी नंतर जवळ बोलावून सांगितलं, “मास्तर, तुमी बोलताय तवा कुस्ती दोनदा दिसतीया.” सोळा वर्षांत शाळेत मला असं कुणी काही बोललं नाही. तुम्ही तर नाहीच.

तुम्ही याला बोंबलणं म्हणता. म्हणा. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या, डाव कुठला पडला, कुठं फसला, हे क्षणात सांगावं लागतं. अभ्यास केल्याशिवाय होत नाही ते. 

आता घराचं. वास्तुशांत झाली. होम झाला, जेवणावळ झाली. पण एक गोष्ट मी होऊ दिली नाही. आम्हा मोरबाळ्यांच्यात नव्या घरातल्या शेगडीवर पहिलं दूध बहिणीनं उतू घालायचं असतं, त्याशिवाय त्या स्वयंपाकघरात अन्न शिजत नाही. आई गेल्यावर मला आक्कानं वाढवलं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं हे मी करून घेणार नाही. तोपर्यंत आमचा स्वयंपाक पुढच्या पोर्चमध्ये. शेगडी बाहेर काढून ठेवलीय. जाणारे-येणारे बघतात, बघू देत. विचारलं की सांगतो, आमच्या दाजींनी बहिणीला पाठवलं नाही.

स्नेहलसारखी बायको आहे, कुरकुर करत नाही. तिची साथ आहे, म्हणून माझं चाललंय.

अमरसिंह


जा. क्र. १५९
नेसरी, ९ डिसेंबर २०२४

अमरसिंह,

पोर्चमध्ये स्वयंपाक कर, नाहीतर रस्त्यावर चूल मांड. तुझा हट्ट म्हणजे माझ्यावर टाकलेला डाव आहे, एवढं मला कळतं. चार लोकांत बदनामी करून बाळासो नांदवडेकर वाकत नसतो. मी कामासाठी हल्ली दर आठवड्याला कोल्हापूरला येतो, तुझी आक्का सोबत असते. तरी तुझ्या घराकडं गाडी वळवणार नाही. हे तुला कळावं म्हणूनच लिहिलं.

मानपत्राचं काढलंस. त्यात चार चुका होत्या. मी बोललो नाही, कारण घरचा माणूस.

दुसरं महत्त्वाचं. फेब्रुवारीत आपल्या गावच्या जत्रेचं मैदान आहे. प्रमुख पाहुणा मी आहे. मोठी कुस्ती माझ्या हस्ते लागणार. आणि जत्रा कमिटीच्या शहाण्यांनी निवेदक म्हणून तुला सांगितल्याचं मला काल कळलं. तू नकार द्यायचास. ज्या गावात तू मास्तर होतास, त्याच गावात भोंग्यावर ओरडायला तुला लाज वाटत नसली तरी मला वाटते.

बाळासो नांदवडेकर


कसबा बावडा, २ जानेवारी २०२५

ती. दाजी,

नकार देणार नाही. कमिटीनं सुपारी दिली, मी घेतली. तुम्हाला नको असेल तर तुम्ही पाहुणेपण सोडा. पाहुणे मिळतात, निवेदक मिळत नाहीत.

दर आठवड्याला कोल्हापुरात येऊन आक्काला भावाच्या दारावरनं माघारी नेता, आणि ते मला लिहून कळवता. कसला माणूस आहात हो तुम्ही?

आमचं पोर्चमधलं बरं चाललंय. तुम्हाला वाटत असेल महिन्याभरात मी थकेन, शेगडी आत नेईन. मी मैदानं करून रात्रीचा येतो तेव्हा जेवण तयार असतं. उसाच्या ट्रॉल्या दारावरनं धडधडत जातात, वारं असं की ज्योत ठरत नाही, तरी स्नेहलची भाकरी टम्म फुगलेली. पोरीची तक्रार नाही, बायकोची नाही. माझं घर माझ्या शब्दामागं उभं आहे. तुमच्या घरात तुमच्यामागं कोण उभं आहे ते एकदा वळून बघा.

मैदानात भेटूच. तिथं सगळे पाहुणे मला सारखे.

अमरसिंह


नेसरी, १७ फेब्रुवारी २०२५

अमरसिंह,

या पत्राला जावक क्रमांक नाही. हे संस्थेचं नाही, माझं आहे.

साऱ्या गावासमोर तू माझी अब्रू काढलीस. मी फेटा बांधून मोठी कुस्ती लावायला आखाड्यात उतरलो. दोन्ही पैलवानांचे हात हातात घेतले. हलगी थांबली. आणि भोंग्यातनं तुझा आवाज आला, “ओ फेटेवालं पावणं! पायातलं काढा की! लाल माती हाय ही, आमची आई हाय. चपला घालून आईच्या अंगावर उभं ऱ्हाता व्हय?”

सगळं मैदान हसलं. पुढच्या रांगेतला माझ्या शाळेचा शिपाईसुद्धा हसला. मी पैलवानांचे हात सोडले आणि तसाच बाहेर आलो. कुस्ती दुसऱ्या कुणी लावली. आता पोरं मला बघून लांबनं ओरडतात, ‘पायातलं काढा, पावणं!’ परवा संस्थेच्या सभेला मी खोलीत शिरलो आणि एक सभासद माझ्या पायाकडं बघून हसला.

पावणं! मी तुला पावणा? तुझ्या बारावीच्या निकालाला तुला खांद्यावर घेऊन नाचलेला माणूस मी. मला तू भोंग्यावर पावणं म्हणालास.

यापुढं तुझा आणि माझ्या घराचा संबंध संपला. आक्का तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही. या जन्मात नाही. पोर्चमध्येच म्हातारा हो.

बाळासो


कसबा बावडा, २६ फेब्रुवारी २०२५

ती. दाजी,

मी तुम्हाला ओळखलं नाही. उन्हं डोळ्यावर होती, फेटा कपाळापर्यंत होता, आणि माझं लक्ष पैलवानांच्या खांद्यावर होतं. पण ओळखलं असतं तरी मी तेच बोललो असतो. आखाड्यात पायातलं घालून कुणी उतरत नाही. आमदार आले तरी देवळात शिरावं तसे चपला बाहेर काढून येतात. वाक्य माझं नेहमीचं आहे, दर मैदानाला कुणीतरी नवखा पाहुणा असतो आणि मला म्हणावं लागतं. तुम्ही नवखे नव्हता. लहानपणापासून मैदानं बघत आलेला माणूस लाल मातीत कातडी चपला घालून उभा राहतो, याचा अर्थ मी काय घ्यायचा? मला दाखवायला उतरला होतात तसे. निवेदक मेव्हणा आहे, तो काय बोलणार, असं होतं ना मनात? 

माफी मागणार नाही. मागायची असेल तर तुम्ही मातीची मागा.

आणि आक्काला ‘या जन्मात नाही’ म्हणणारे तुम्ही कोण? ती तुमची बायको आहे, शाळेतली कर्मचारी नाही. पोर्चमध्ये म्हातारा व्हायची माझी तयारी आहे. शेगडी आत जाणार नाही. आक्का येईपर्यंत त्या स्वयंपाकघरात काडी पेटणार नाही, हे मी परत लिहून देतो.

अमरसिंह मोरबाळे


नेसरी, १० मार्च २०२५

अहो, आणि अमर,

दोघांना एकच पत्र लिहितेय. खालच्या दुकानातनं झेरॉक्स काढली. अस्सल कुणाकडं आणि झेरॉक्स कुणाकडं यावरनं आणि भांडू नका. यांना हे माझ्या हातून चहाबरोबर मिळेल, अमरला पोस्टानं.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. यांची पाठवायच्या आधी, तुझी आल्यावर. पाकीट फोडायला मला कुणाची परवानगी लागत नाही. दोघांच्या पत्रांत मी पानोपानी आहे. आक्का येणार नाही, आक्का आली पाहिजे, आक्काच्या हातून, आक्काचं पाऊल. आक्काला विचारलं कुणी? एकानं तरी?

अमर, आधी तुझं. दूध मी केव्हाच उतू घातलंय.

डिसेंबरात. तू कुठल्या तरी मैदानाला गेला होतास. स्नेहल दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. पूर्वेकडं तोंड करून पातेलं ठेवलं, दूध वर आलं, चारी बाजूंनी ओसंडलं. तुझ्या पोरीनं टाळ्या वाजवल्या. आईची आठवण आली, मी ओट्याला धरून रडले. मग तिघींनी तिथंच शेवयाची खीर करून खाल्ली. त्या दिवसापासनं तुझ्या घरचा स्वयंपाक आतच होतोय, बाबा. तुझी बुलेट कोपऱ्यावर वाजली की शेगडी बाहेर येते. पोर्चातल्या वाऱ्यात भाकरी टम्म फुगते, असं तू मोठ्या तोऱ्यात लिहिलंस ते वाचून मी पदर तोंडात धरला. तुझं घर तुझ्या शब्दामागं उभं नाही. ते स्वयंपाकघरात उभं आहे, आणि तुला सांगायचा त्यांना कंटाळा आलाय.

आता तुम्ही. मी बावड्याला गेलेच कशी, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. कोल्हापुरात दवाखान्यात तुमचा नंबर लागून ड्रेसिंग होईपर्यंत दुपार होते. तेवढ्यात मी रिक्षानं जाऊन येते. तुम्ही बाहेर येऊन विचारता, ‘कुठं गेलतीस?’ मी म्हणते, ‘अंबाबाईला.’ देवीनं माफ केलंय मला. तुम्ही करा अगर नका करू.

व्हय, ड्रेसिंग. अमर, तुझ्या दाजींना साखर आहे. ऑक्टोबरात उजव्या तळपायाला जखम झाली ती अजून भरत नाही. पाय वाचवायचा असेल तर अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी दरडावून सांगितलंय. देवघरातसुद्धा हे सपाता घालून जातात. कुणाला सांगायचं नाही म्हणून माझ्या गळ्याची शपथ घातली. सचिवाच्या पायाला पट्टी दिसली तर सभासद दुसरा सचिव बघतील म्हणे! तुझ्या वास्तुशांतीला होमाला बसताना पट्टी सगळ्यांना दिसली असती. न येण्यात निम्मा राग तुझ्या राजीनाम्याचा होता आणि निम्मा या पायाचा. पण लिहिताना सगळा तुझ्यावर काढला.

मैदानाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, ‘जाऊ नका.’ हे म्हणाले, ‘अमर हाय माईकवर, तो काय बोलायचा न्हाय. घरचा हाय.’ एवढ्या विश्वासानं ते मातीत उतरले.

आणि तू म्हणतोस ओळखलं नाही. मी बायकांच्या बाजूला बसले होते. माईकवर ‘ओ’ म्हणून तू जरा थांबलास, मग बोललास. ज्यानं तुला खांद्यावर घेतलं त्याची चाल तुला ओळखता येत न्हाय? दुसऱ्या कुणालाही सांग. मला सांगू नको.

त्या रात्री यांनी पट्टी स्वतः सोडली, मला हात लावू दिला नाही. जखमेत लाल माती गेली होती. चपला होत्या तरी गेली. मी दिवा धरला आणि दोघांनाही मनात शिव्या घातल्या.

मी आता शपथ मोडली. माझा गळा शाबूत आहे. तुमचं दोघांचं काय करायचं ते तुम्ही बघा. मला पुन्हा कुणाच्या पत्रात घालायचं नाही.

आक्का


कसबा बावडा, १५ मार्च २०२५

दाजी,

आक्काचं पत्र मिळालं. झेरॉक्स मला आलीय, म्हणजे अस्सल तुमच्याकडं. तिथंही तुम्हीच वर.

स्नेहलला विचारलं. ती म्हणाली, “तुमी हट्टाला बसलासा, आमी जेवायला बसलो.”  काल शेगडी उचलून आत नेली. बघतो तर ओट्यावर तिची जागा आधीच पुसून ठेवलेली.

ओळखलं होतं की नव्हतं यावर मी बोलणार नाही. पण पाय दुखतोय एवढं मला कळवायला काय झालं होतं? जावक क्रमांक टाकून कळवायचं होतं. माझ्यावर एवढी कागदं काळी केलीत, त्यात एक ओळ त्याची लिहिली असती तर मीच मैदानात खुर्ची आणून दिली असती. तुमच्या या गप्प बसण्याचा मला तुमच्या शिव्यांपेक्षा जास्त राग आलाय. पाय गेला असता तर आक्कानं कुणाकडं बघायचं होतं?

नोकरीवर परत येणार नाही. ते लिहू नका. आठवीचा मराठीचा तास आठवड्यातनं एकदा येऊन फुकट घेईन, ते पोरांसाठी. तुमच्यासाठी नाही.

पाडव्याला या. आक्का तर येणारच आहे, ती आता कुणाला विचारत नाही. आमच्या दारात लाल माती नाही, फरशी आहे. चपला घालून सरळ आत या. कुणी काही बोलणार नाही.

अमर


नेसरी, २१ मार्च २०२५

अमर,

पत्र मिळालं.

पाडव्याला येतो. तू बोलावलंस म्हणून नाही. तुझी आक्का एकटी रिक्षानं हिंडते ते मला पसंत नाही म्हणून. आठवीचा तास मंगळवारी दुसरा, उशीर झाला तर खाडा मांडीन.

ओळखलं होतंस. आम्ही दोघंही ते जाणून आहोत, तेव्हा तो विषय बंद.

चपला घालून आत या, असं मला सांगणारा तू कोण? माझ्या मेव्हण्याच्या नव्या घरात मी चपला घालून शिरणारा माणूस नाही. त्या मी उंबऱ्याबाहेर काढणार. पट्टी दिसली तर दिसू दे. घरात घालायच्या मऊ सपाता पिशवीतनं आणतो.

वाकता येत नाही, त्यामुळं बदलायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ दारात उभा राहा, माझ्या हाताला धर, आणि तोंड बंद ठेव.

दाजी